फोडणीचा अकरावा मसुदा

मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी देवांग सोहोनी चहाला दूध काढावं म्हणून फ्रिजपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. फ्रिजच्या दारावर त्याच्या सात वर्षांच्या मुलीने, केयाने, काढलेलं एक चित्र चुंबकाने लावलेलं होतं. जांभळा घोडा होता. घोड्याबद्दल देवांगची काही तक्रार नव्हती. पण कागद पातळ होता, घोड्याच्या पोटातून मागची इंग्रजी अक्षरं दिसत होती आणि ती त्याच्या ओळखीची होती. त्याने चुंबक काढून कागद उलटा केला. तो त्याच्या निबंधाचा सहावा मसुदा होता.

"केया, हा कागद कुठून घेतलास?"

"फ्रॉम द प्रिंटर," नुकतीच शाळेतून आलेली केया म्हणाली. "इट वॉज जस्ट वर्ड्स, बाबा."

घरात छापलेले मसुदे दोनच होते, सहावा आणि अकरावा. सहावा इथे घोड्याच्या मागे होता, म्हणजे सकाळी मराठी मंडळाच्या शोभनाकाकूंना नेऊन दिलेल्या फाइलीत अकरावा गेला होता. आणि अकरावा मसुदा जगात कोणीही वाचला असता तरी चाललं असतं, फक्त शोभनाकाकूंनी वाचून चालणार नव्हतं. चहा राहिला.

आता हे मसुद्यांचं प्रकरण थोडक्यात सांगायला हवं. देवांग न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत एका कंपनीत अकरा वर्षं काम करत होता. एवढ्या काळात त्याने तीन जणांना काम शिकवलं आणि तिघेही यथावकाश त्याचे साहेब झाले. तिसरा वेदांत, वय वर्षं एकोणतीस, त्याला देवांगदादा म्हणायचा आणि त्याच तोंडाने कामाची मुदत सांगायचा. तिघांकडेही एमबीए होतं. वरची जागा वसंतात पुन्हा रिकामी होणार होती, आणि वेदांतने स्पष्टच सांगितलं होतं, "दादा, या वर्षी कुठेतरी ॲडमिशन दाखव, मग मी तुझ्यासाठी भांडू शकतो. नाहीतर बाहेरून कोणीतरी येणार." म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी देवांगने न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठाच्या शनिवार-रविवारच्या एमबीएला अर्ज करायचं ठरवलं. मराठी मंडळात बातमी पसरायला एक पॉटलकचं जेवण पुरलं. कोणी म्हणालं, आता घे, नंतर गुडघे दुखतात. कोणी म्हणालं, निबंधात आकडे घाल, अमेरिकन माणसाला आकडे दिसले की बरं वाटतं. शोभनाकाकूंचे यजमान कुमारकाका म्हणाले, "एकोणचाळिसाव्या वर्षी लोक कोलेस्टेरॉल तपासून घेतात."

देवांगची बायको रेणू मात्र व्यवहारी. ती म्हणाली, प्रोफेशनल मदत घे. अशी ब्रिजेट आयुष्यात आली.

ब्रिजेट ही ॲडमिशन कोच. दर गुरुवारी ती झूमवर यायची, देवांगला 'देव' म्हणायची आणि त्याचा घाम काढायची. तिने स्वतः कधी एक शब्दही लिहून दिला नाही, ते तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. ती फक्त मान तिरकी करून ऐकायची आणि एकच प्रश्न विचारायची. "ओके देव, बट व्हॉट डिड यू डू?" पहिल्या निबंधात तिला एका पानात सतरा वेळा 'आम्ही' सापडलं. ती म्हणाली, "ही सगळी मंडळी फार छान दिसतायत. पण मला तू अजून भेटलाच नाहीस." देवांग काय करणार? ज्या घरात 'मी'ने सुरू होणारं वाक्य जेवताना निघालं की आई नुसतं बघायची, त्या घरातला हा मुलगा. त्याला 'मी' म्हणताना अजूनही जीभ अडखळायची.

विद्यापीठाला हवा होता नेतृत्वाचा प्रसंग. देवांगकडे एकच प्रसंग होता, सव्वा वर्षापूर्वी सप्टेंबरात झालेल्या मंडळाच्या गणपतीचा.

झालं होतं असं की एका शाळेचा हॉल घेतला होता, साडेतीनशे पानं होती आणि शाळेची एकच अट होती. स्वयंपाकघरात अन्न फक्त गरम करायचं, शिजवायचं नाही. हॉलच्या करारावर सही देवांगची होती. केटररचं वरण आलं ते अगदीच मिळमिळीत. मंडळाच्या अध्यक्ष शोभनाकाकू म्हणाल्या, "राहू दे, असंच वाढू." देवांग म्हणाला, "काकू, दोन मिनिटांत फोडणी देतो, कोणाला कळणार पण नाही." त्याने मोठी लोखंडी पळी भरून तेल तापवलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, सुक्या मिरच्या पडल्या, आणि बरोबर डोक्यावरच्या धुराच्या यंत्राने ठणाणा केला. पाच मिनिटांत आगीचे दोन बंब दारात आले आणि साडेतीनशे माणसं पैठण्या सावरत पार्किंग लॉटमध्ये उभी राहिली.

फायर चीफने विचारलं, आत कोण शिजवत होतं? देवांगचं तोंड उघडेना. करार मोडला म्हणून हॉल गेला असता आणि खाली सही त्याची होती. तेवढ्यात शोभनाकाकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी." काकूंनी पस्तीस वर्षं त्याच गावात लहान मुलांची डॉक्टरकी केलेली. चीफने त्यांना नीट पाहिलं आणि टोपी काढली, कारण त्याच्या गोवराच्या आणि धनुर्वाताच्या सगळ्या सुया काकूंनीच टोचल्या होत्या. समज देऊन प्रकरण मिटलं. मग काकूंनी गाड्यांच्या डिक्क्या उघडायला लावल्या, त्यांवर भांडी मांडली, रांगा लावल्या आणि पाऊण तासात सगळ्यांना जेवू घातलं. देवांगला त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तू मोदकांचे ट्रे घेऊन बाहेर जा." तो गेला. फोडणी कोणी दिली हे दोघांनाच माहीत होतं. कुमारकाकांनाही नव्हतं. ते वर्षभर घरोघरी सांगत होते, "आमच्या हिने फायर ब्रिगेडला जेवायला बोलावलं." लोक हसायचे. देवांगही हसायचा, आणि हसताना काकूंकडे बघायचा नाही.

"काकूने माझ्याकडे अर्ज केला असता तर मी तिला उद्या घेतलं असतं," पहिला मसुदा वाचून ब्रिजेट म्हणाली. "पण देव, तू काय केलंस?"

"मी मोदकांचे ट्रे धरून उभा होतो."

"किती वेळ?"

"पंचेचाळीस मिनिटं."

ब्रिजेटने ते लिहून घेतलं. चेष्टा करत नव्हती ती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. दुखावलेला अभिमान घेऊन देवांग पुन्हा लिहायला बसला. सहाव्या मसुद्यात काकूंनी आणि त्याने मिळून सगळं केलं. आठव्यात त्याने काकूंच्या मदतीने केलं. नवव्यात काकूंचं नाव गेलं, दहाव्यात त्याच गेल्या, आणि 'संकटात साडेतीनशे लोकांची जबाबदारी मी उचलली' असं एक वाक्य आलं जे वाचून ब्रिजेटने पहिल्यांदाच "नाऊ आय सी यू" म्हटलं. मग तिने अगदी सहज विचारलं, "पण अलार्म वाजला कशाने?" अकराव्या मसुद्यात त्याने लिहिलं, 'एका वयस्कर स्वयंसेविकेने नियम मोडून स्वयंपाक केल्यामुळे.' कागदोपत्री ते खरं होतं, फायर खात्याच्या दप्तरात तसंच होतं. देवांगने स्वतःला हे तीन वेळा सांगितलं. एकदा सांगून भागलं नाही यावरून काय ते समजावं.

शिफारसपत्र कंपनीबाहेरच्या कोणाचं तरी हवं होतं. ब्रिजेट म्हणाली, "ज्या व्यक्तीने तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला तिचं घे." म्हणजे शोभनाकाकूंचंच. विद्यापीठाने काकूंना ऑनलाइन फॉर्म पाठवला आणि देवांगच्या पडद्यावर त्यापुढे 'काम चालू' असं येऊन बसलं. नऊ दिवस झाले, ते हलेना, आणि अर्जाची मुदत तर या मंगळवारी संध्याकाळी पाचला संपत होती. ब्रिजेट म्हणाली, "त्यांना आठवण म्हणून चार मुद्दे दे." आता आपल्याकडे शिफारसपत्राची रीत वेगळी. साहेब म्हणतो, तूच लिहून आण, मी सही करतो. कॉलेजात प्राचार्यांनी देवांगला तसंच दिलं होतं, पहिल्या नोकरीतही तसंच. त्यामुळे त्याने चार मुद्द्यांऐवजी काकूंच्या वतीने दोन पानी अख्खं पत्र लिहिलं, ज्यात काकूंना त्याच्याबद्दल थक्क व्हायला झालं होतं. सोबत संदर्भासाठी निबंध हवा, म्हणून ज्यात काकू अजून होत्या तो सहावा मसुदा मुद्दाम छापला. प्रिंटरच्या ट्रेमध्ये आदल्या दिवशीचा अकरावाही पडला होता, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. सकाळी घाईघाईने सगळं फाइलीत घालून, वर रेणूने केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा ठेवून तो देऊन आला. काकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "ठेव, बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

तर आता पावणेचार झाले होते. देवांगने काकूंना फोन लावला. उचलला कुमारकाकांनी.

"अरे, हिच्या डोळ्यात ड्रॉप्स घातलेत, डोळे मिटून बसायचंय तिला. म्हणून मीच वाचून दाखवतोय. तुझं पत्र झालं वाचून. छान लिहिलंयस. म्हणजे, हिने छान लिहिलंय. आता तो निबंध घेतो."

"काका, निबंध नका वाचू."

"का?"

"त्यात... स्पेलिंग मिस्टेक्स आहेत."

"मग तर वाचायलाच हवा," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पुलांचे नकाशे तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. चूक आहे म्हटल्यावर ते लाल पेन शोधायला गेले असणार.

काकूंचं घर तीन रस्ते पलीकडे. केयाला मागच्या सीटवर बसवून देवांग निघाला आणि पहिल्याच वळणावर शाळेच्या पिवळ्या बसमागे अडकला. बस थांबली, लाल दिवे लुकलुकले, 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली. एक मुलगी उतरली. तिचा हातमोजा पडला. तो उचलायला ती परत आली आणि ड्रायव्हर बाई तिला शांतपणे हात करत राहिल्या. या देशात माणूस सगळं ओलांडून जाईल, पण ती पाटी ओलांडून जाणार नाही. देवांगने स्टिअरिंग घट्ट धरून हिशेब केला. काका सावकाश वाचतात, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबतात, वरचा अर्धा भाग नोकरीचा आहे, गणपती खाली आहे. पुढच्या कोपऱ्यावर बस पुन्हा थांबली.

"बाबा, आर वी इन ट्रबल?"

"नो."

"यू सेड इट लाइक आई सेज 'फाइन'."

देवांगने आरशातून तिच्याकडे पाहिलं. अमेरिकेत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्याला ताप आला तेव्हा रोज मऊ भात घेऊन येणाऱ्या बाईला आपण 'एक वयस्कर स्वयंसेविका' म्हटलं, हे त्याला त्या बसमागे पहिल्यांदा सरळ दिसलं. ॲडमिशन गेली तर वाईट वाटलं असतं. काकूंनी हे ऐकलं तर परत त्यांच्या दारात उभं राहायला तोंड उरलं नसतं.

दार काकांनी उघडलं. कानावर लाल पेन होतं.

"बरं झालं आलास. 'स्पिअरहेडेड' हा शब्द तीनदा आलाय, दोन काढलेत. बस, आता इंटरेस्टिंग भाग येतोय." खुर्चीत काकू डोळे मिटून बसल्या होत्या, मांडीवर रुमाल. काकांनी उभ्याउभ्याच पान धरलं आणि स्वच्छ इंग्रजीत वाचलं, "'एका वयस्कर स्वयंसेविकेने नियम मोडून स्वयंपाक केल्यामुळे...'" आणि ते मनापासून हसले. "शोभना, ही तू. एल्डरली. तुझी फोडणी युनिव्हर्सिटीपर्यंत पोचली बघ."

काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. डोळे तसेच मिटलेले. "पुढे वाचा," त्या म्हणाल्या.

काकांनी पान वर घेतलं. तेवढा एकच क्षण होता. गप्प बसलं असतं तर बहुतेक निभावलंही असतं, कारण काकू वर्षभर बोलल्या नव्हत्या आणि आजही बोलल्या नसत्या. देवांगला ते पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला भयंकर लाज वाटली.

"काका, थांबा," तो म्हणाला. "ती फोडणी काकूंनी दिली नव्हती. मी दिली होती."

"पण चीफला हिने स्वतः सांगितलं."

"माझ्यासाठी. करारावर सही माझी होती. काकू नको म्हणाल्या होत्या, मीच ऐकलं नाही. आणि मग त्या पुढे झाल्या आणि मी... मी मोदक घेऊन बाहेर गेलो."

काकांनी कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं. बायकोकडे पाहिलं. "शोभना, म्हणजे मी वर्षभर उगाच..."

"अठरा घरी," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "आणि एकदा माइकवर."

काका खाली बसले. स्वयंपाकघरात केया नारळाच्या वड्यांचा डबा उघडत होती तेवढा आवाज येत होता.

"सॉरी काकू," देवांग म्हणाला. "हे वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," काकू म्हणाल्या. "अहो, किती वाजले?"

"चार वाजून पाच मिनिटं."

"लॅपटॉप आणा. तो फॉर्म उघडा. एकच प्रश्न राहिलाय, शेवटचा. मोठ्याने वाचा."

काकांनी वाचलं. तुम्ही अर्जदाराला कधी कोणती चूक दाखवून दिलीत, आणि त्यावर त्याने काय केलं?

"पहिला अर्धा मला नऊ दिवसांपूर्वीच येत होता," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या अर्ध्याला माझ्याकडे काही नव्हतं. खोटं मी लिहिणार नाही. खरं लिहिलं असतं तर तुझा अर्ज तिथेच संपला असता. म्हणून थांबले होते."

"आणि मी आलो नसतो तर?"

"तर पाच वाजले असते."

देवांगने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुझं ते दोन पानी पत्र घेऊन जा," काकू म्हणाल्या. "फार थक्क झालेय मी त्यात. आणि आता बाहेर जाऊन बस. आम्ही काय लिहितो ते तू ऐकायचं नसतं, हे गोपनीय असतं. पोरगी राहू दे आत."

जानेवारीतल्या थंडीत तो पोर्चच्या पायरीवर बसला. गेले तीन महिने लॅपटॉप त्याच्याबरोबर सगळीकडे हिंडत होता, तो गाडीतून काढला. ब्रिजेटला फोन लावला.

"निबंध बदलतोय," तो म्हणाला.

"देव, नो. शेवटच्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. काय बदलतोयस?"

"सगळा."

तिकडे ब्रिजेटने मोठा श्वास घेतला. मग मान तिरकी केली असावी, कारण प्रश्न तोच आला. "ओके. व्हॉट डिड यू डू?"

"मी फोडणी दिली," तो म्हणाला. आणि नको म्हटलेलं असताना तेल तापवण्यापासून ते बसच्या पाटीमागे बसण्यापर्यंत सगळं त्याने तिला सांगितलं. एकाही वाक्यात 'आम्ही' नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. ब्रिजेटच्या आलं.

"पाचशे शब्द, पन्नास मिनिटं," ती म्हणाली. "हे बघून ते तुला घेतील की नाही मला माहीत नाही, देव. पण लिही. आणि मोदक काढू नकोस."

तो लिहू लागला. बोटं थंडीने वळत नव्हती. मागच्या खिडकीतून आत कुमारकाका एका बोटाने टाइप करताना दिसत होते. प्रत्येक शब्दानंतर ते बोट वर धरून थांबायचे आणि काकू डोळे मिटून पुढचा शब्द सांगायच्या. पावणेपाच झाले तेव्हा काका अजून तिथेच होते. चार बावन्नला त्यांनी खिडकीतून देवांगकडे पाहिलं, डोळे पुसले, की चष्मा पुसला, आणि परत बोट खाली नेलं. दोन्हींपैकी एक जरी राहिलं तरी अर्ज बाद होता. चार छप्पन्नला त्याने स्वतःचं बटण दाबलं. पडद्यावर त्याचा अर्ज गेला, पण काकूंच्या नावापुढे 'काम चालू' तसंच होतं. चार अठ्ठावन्नलाही होतं. मग त्याने पडद्याकडे बघणं सोडलं आणि रस्त्याकडे बघत बसला.

मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं आणि त्याला जागा मिळाली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. काकूंनी काय लिहिलं ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र त्याला एवढंच कळलं की पाठीमागे दार उघडलं.

"आमचं गेलं," काकू दारात उभ्या होत्या. एक डोळा उघडा, एक अजून बारीक. "यांनी एका कॉमाशी फार वेळ घालवला. तुझं?"

"गेलं."

"मग आत ये, गारठशील. केया जेवूनच जाते म्हणतेय, रेणूलाही इकडेच बोलाव."

आत काका टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून बसले होते. अठरा घरांची यादी करून दर रविवारी तीन घरी जायचं आणि खरं काय ते सांगायचं, असं त्यांनी जाहीर केलं. देवांगने बरोबर यायचं. माइकचं गणपतीत बघू. देवांग हो म्हणाला. काकू ओट्यापाशी गेल्या, डाळीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, आणि कपाटातून लोखंडी पळी काढून त्याच्या हातात दिली.

"वरणाला फोडणी द्यायची राहिलीय," त्या म्हणाल्या. "तू दे. पण आधी शेगडीवरचा धुराचा पंखा लाव."